आर्लिसबाईंच्या मांडीचे हाड

मी एक जुने मांडीचे हाड आहे. जुने, पण अजून मोडलेले नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

माझी मालकीण आर्लिस विस्कॉन्सिनमध्ये गाई पाळते. मित्रांनो, दुधावरच मी वाढले आणि गाईंमागे धावून कणखर झाले. सगळे माझे कौतुक करत. पाठीमागे गुपचूप राबणाऱ्या दोन मूत्रपिंडांचे नाव मात्र कोणी घेत नसे. जादा फॉस्फरस ती बाहेर टाकत, ड जीवनसत्त्वाला कामाला जुंपत, तेव्हा कुठे मला पुरेसे कॅल्शियम मिळे.

पुढे रक्तदाबाने ती मूत्रपिंडे थकली. रक्तात फॉस्फरस साचले, कॅल्शियम घटले. मग गळ्यातल्या इवल्या ग्रंथी माझ्यातलेच कॅल्शियम उपसू लागल्या. मी ठणकू लागले.

आर्लिसने काय करावे? दूध वाढवले! हाड दुखते म्हणजे दूध कमी पडते, हे तिथले शेंबडे पोरही सांगेल. ऑगस्टच्या जत्रेतल्या गुरांच्या स्पर्धेत तिला कालवड रिंगणात फिरवायची होती. सत्तेचाळीस वर्षांत तिने दोर दुसऱ्याच्या हाती दिला नव्हता. पाय दगा देईल या भीतीने ती आणखी पेले रिचवी.

वसंतात दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ रॉक्सॅनने विचारले, "फॉस्फरस चढतंच चाललंय. खाता काय?"

"पथ्याचं," आर्लिस म्हणाली.

नवरा व्हर्लिन खाकरला. "आणि रोज पाच पेले दूध. वर चीज."

"चुगलखोर मेला!"

"पडलीस तर उचलायचं मलाच आहे!"

रॉक्सॅन म्हणाली, "दुधातलं फॉस्फरस तुमच्या किडन्यांना बाहेर टाकता येत नाही. त्यानंच हाडं पोखरली जातात."

"माझ्याच गाईंचं दूध माझा वैरी?" आर्लिसचे डोळे भरले. मलाही फार वाईट वाटले.

"वैरी नाही. पण घोटभरच. आणि फॉस्फरस अडवणारी गोळी प्रत्येक जेवणाबरोबर."

तिने ऐकले. माझा ठणका हळूहळू उतरला.

रिंगणात कालवडीने हिसका दिला, आर्लिस झुकली, आणि मी तिला सावरून धरले! पहिला नंबर तिचाच आला. जिंकणाऱ्याने सर्वांसमोर दुधाचा पेला रिकामा करायचा, असा तिथला रिवाज. टाळ्या थांबल्या. सारे बघत होते.

मित्रांनो, हाडे जपायची तर मूत्रपिंडांचीही विचारपूस करत जा. आर्लिसने तेच केले. एकच घोट घेतला आणि पेला नवऱ्यापुढे धरला.

"घे, चुगलखोरा. उरलेलं तुझं."

आणि ती माझ्यावर भार टाकून ताठ चालत बाहेर आली.