हाकेला ओ

"साहेब, तुमी खोटं लिहलंय. आमच्या पाड्याची शाळा तुमी कागदावरच बुडवली!"

शहापूरच्या कचेरीत राहीनं उभ्याउभ्याच तोंडावर फेकलं. साहेबांनी नकाशावर फूटपट्टी ठेवली.

"बाई, जवळ शाळा असली की नवी मिळत नाही. पलीकडच्या गावात आहे ना? हवाई अंतर किलोमीटरभरसुद्धा नाही. मी स्वतः तिथून हाक मारली, तुमच्या लोकांनी ओ दिली!"

दिली होती. तिथंच चुकलं. धरणाचं पाणी चढलं तेव्हापासून पाड्याच्या तीन बाजूंना पाणी आणि पाठीला डोंगर. बारसं असो की मयत, निरोप पाण्यावरून हाकेनंच जायचा. आलेल्या हाकेला ओ न देणं म्हणजे उघड वैर. धोंडी म्हातारीनं तर ओ देऊन वर "जेवून जा रे बाबा" म्हणूनही ओरडून सांगितलं. साहेबांनी लिहिलं, शाळा हाकेच्या अंतरावर. आणि राहीची लेक भूमिका यंदा शाळेच्या वयाची झालेली. डोंगराला वळसा घालून पोचेपर्यंत पोरीची शाळा सुटायची.

राहीचा दीर हरेश बाजारात विमानाची तिकिटं काढायच्या दुकानात कामाला होता. कचेरीत येताना ती तिथं डोकावली, तेव्हा त्यानं तिला कॉम्प्युटरवर दाखवलं होतं.

"वयनी, ही दोन बारकी बेटं. दोन्हीवर विमानतळ. उडालं की उतरलंच. तरी अंतर वेगळं लिहलंय नि टाइम वेगळा."

"तो का रे?"

"अंतर विमानाचं. टाइम बसणाऱ्याचा."

राहीनं तेच साहेबांना ऐकवलं. "विमानवालेसुद्धा टाइम लिहतात. तुमच्या कागदात टाइम कुठाय?"

"मग विमानच मागा!" साहेब हसले.

"मागते. विमानतळ आमच्या बुडालेल्या शेतात बांधा. नायतर परत हाक मारून दाखवा. ओ आली तर शाळेचा अर्ज मीच फाडीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब जीप काढून शाळेच्या गावाच्या काठावर आले, राहीला घेऊन. पलीकडे अख्खा पाडा काठावर उभा होता; लुगड्यांचे रंगसुद्धा ओळखू येत होते. साहेबांनी तोंडाशी हात धरून हाक मारली. कुणी हललं नाही. दुसरी मारली. धोंडीनं पदर तोंडात कोंबला. राहीनंच आदल्या रात्री सगळ्यांना तसं बजावलं होतं.

"ऐकू जात नाही का यांना?"

"जातं ना. हाक जाते, पाखरू जातं. माझी पोर तेवढी जात नाय."

साहेब जीपकडे वळले. राही दारापुढं आडवी उभी राहिली.

"ती पिवळ्या झग्यातली बघा, माझी भूमिका. शाळेची घंटा व्हायचीय. तिला हाताला धरून हिकडं आणा. कसे जाल? उडून, का पोहून, का डोंगर चढून? बोला साहेब, आता ओ तुमी द्यायची!"