आत्म्याने पाडलेले स्विच

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर टेबल, टेबलावर कॉकपिटसारखी रंगवलेली फळी, तिच्यावर इंधनाचे दोन स्विच आणि दोन पेटलेले दिवे. मागे बसलेले बाबा दोन्ही हात वर करून गरजत होते, "परलोकाशी लाइन लागली आहे! पडलेल्या विमानाच्या वैमानिका, ये! इंजिनांचं इंधन तूच तोडलं असशील, तर स्विच पाड!"

खट्! दोन्ही स्विच आपोआप खाली पडले, दिवे विझले. त्या अपघातात आपली माणसं गमावलेले लोक हुंदके देऊ लागले.

"आता त्याच्या आईने सर्वांसमोर लेकाचा गुन्हा कबूल करावा," बाबांनी फर्मावलं. "तरच मृतांना शांती मिळेल."

पहिल्या रांगेतली मावशी, म्हणजे त्याची आई, हात जोडून उठली. तिचा मुलगा माझ्याच हाताखाली विमान चालवायला शिकला होता. माझं डोकंच फिरलं. चौकशी अजून चालू आहे, आणि हा भोंदू निकाल देऊन मोकळा!

"मावशी, बसा खाली," म्हणत मी मंचावर चढले. "बाबा, खरा स्विच आधी धरून वर ओढावा लागतो, तेव्हा त्याची खीळ सुटते, मगच खाली सरकतो. धक्का लागून बंद पडू नये म्हणून. तुमचा आत्मा रोजचं काम विसरला होय?"

"परलोकाचे नियम वेगळे असतात, बाई!"

"आणि गुडघ्यांचे?" हात वर असले तरी टेबलावरची चादर खाली हलताना मी पाहिली होती. ती वर उचलली. बाबांच्या गुडघ्याला पट्ट्याने जाडजूड लोहचुंबक बांधलेला! तो हिसकावून घेतला, स्विच वर केले, चुंबक फळीखाली धरला. खट्!

"स्विच लोखंडाचे, खाली चुंबक. घ्या, माझ्याही अंगात आत्मा आला!"

बाबा मागच्या दाराने सटकू लागले, पण लोकांनी त्यांना धरलं.

"मग इंधन तोडलं कुणी?" गर्दीतून एकजण ओरडला. "माझा भाऊ गेलाय त्यात!"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "कुणाच्या हातून झालं असेल, स्विचची खीळ झिजली असेल, यंत्रणा बिघडली असेल. अवशेष आणि कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण तपासण्याआधी जो छातीठोकपणे सांगतो, तो थापा मारतो. मग तो मंचावर असो की टीव्हीवर. पुरावा मागा, आणि तो येईपर्यंत थांबा."

"नुसतं थांबायचं?" तोच माणूस ओरडला.

मावशीने जोडलेले हात सोडले.

"माझा मुलगा गेलाय," ती म्हणाली. "त्याने केलं असेल, तर तेही ऐकेन मी. पण तोवर 'माहीत नाही' म्हणायला तुमच्या जिभा झडतात का?"