मॅकेन्झी साहेबाचे भाऊबंद

रत्नागिरीकडचा मुसलमान नवख्या माणसाला आधी तीन गोष्टी विचारतो: गाव कुठलं, मोहल्ला कुठला, घर कुणाचं? तिसऱ्या उत्तरापर्यंत नातं निघतंच. मोहिद्दीन फणसोपकर १९६४ साली दुबईच्या खाडीकाठी एका सर्व्हे कंपनीत टायपिस्ट होता, आणि त्याच्या साहेबाचं आडनाव होतं मॅकेन्झी. इकडे धाकटा भाऊ हनीफ बोटीवरच्या नोकरीसाठी वर्षभर मुंबईत चपला झिजवत होता, आणि त्या बोट कंपनीच्या नावातही मॅकेन्झी! आता सांगा, मोहिद्दीन गप्प बसेल?

“साहेबाची चिठ्ठी घे. घरच्या माणसाचा शब्द कोण मोडतो? यल्ला, जा!” शेजारच्या टेबलावरचा जहूर म्हणाला.

पण रिकाम्या हाताने जाईल तो मोहिद्दीन कसला! जेवणाच्या सुट्टीत त्याने ऑफिसच्या कपाटातले जाडजूड ज्ञानकोश उपसले आणि जेवण विसरला. कॉलिन मॅकेन्झी, हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर जनरल. अलेक्झांडर मॅकेन्झी कॅनडातल्या एका नदीच्या टोकापर्यंत गेला, नदीला त्याचंच नाव पडलं. दुसरा अलेक्झांडर दगड घडवणारा गवंडी, तो थेट कॅनडाचा पंतप्रधान झाला. गवंडी! मोहिद्दीनला तर आपल्याच घरात कुणी मोठा निघाल्यासारखा आनंद झाला. त्याने मोठ्या कागदावर सगळ्यांना पट्टीने रेघा मारून एका आजोबाला जोडलं, आणि खाली साहेबाला बसवलं. एक आडनाव म्हणजे एक खानदान, यात विचारायचं काय?

साहेब पूर्वी कलकत्त्याच्या गोदीत होता, हिंदी तिथलीच.

“ये सब कौन है?” मोहिद्दीनने टेबलावर पसरलेला कागद पाहून त्याने विचारलं.

“आपका खानदान, सर.” आणि एका दमात मोहिद्दीनने हनीफचं सांगून टाकलं. “दो लाइन की चिठ्ठी, सर.”

साहेब कागदावर वाकला. नदी किती लांब, गवंडी शिकला कुठे, एकेक विचारत राहिला. मोहिद्दीनला वाटलं, काम फत्ते.

“मोहिद्दीन,” साहेब म्हणाला, “हम ग्लासगो का अनाथालय में बड़ा हुआ. दरवाजे पे मिला था. उस दिन जो डॉक्टर ड्यूटी पे था, उसका नाम दे दिया. हमारा चिठ्ठी से कुछ नहीं होगा.”

मोहिद्दीनचे कान तापले. गाव नाही, मोहल्ला नाही, घर नाही. असा माणूस त्याने जन्मात पाहिला नव्हता. हनीफचं काम बुडालं ते बुडालंच, वर आपण या माणसाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“सॉरी सर.” त्याने कागद उचलायला हात पुढे केला.

साहेबाने कागद धरून ठेवला. “ये इधर रहने दो.” मग तो म्हणाला, “सर्व्हे में जमीन नापने का चेन पकड़ने को एक आदमी मांगता है. कंपनी हर साल पूछता है, साहब, अपना कोई आदमी है तो लगा दो. हर साल हम बोलता है, कोई नहीं. इस साल तुम्हारा हनीफ का नाम लिखेगा.”