चंद्राबाईच्या पोटावरची पट्टी

मी चंद्राबाईच्या पोटावरची पट्टी बोलतेय. नाक कशाला दाबता? धुऊन वाळलेली आहे मी. तुमच्या खांद्यावरच्या उपरण्यापेक्षा स्वच्छ.

माझा जन्म पुण्याच्या एका दवाखान्यातला, सदतीस सालचा. हिर्डोशीच्या चंद्राबाईला शौचाच्या जागी गाठ झाली होती. डॉक्टर म्हणाले, "ती वाट बंद करून पोटावर नवी काढावी लागेल. कायमची. नाहीतर वर्ष निघणार नाही."

तिचा नवरा कुंडलिक ताडकन उठला. "चल घरी. असलं घिऊन गावात फिरनार? लोकं काय म्हंतील?" बायको मरेल याचं त्याला एवढं काही वाटलं नव्हतं.

"मी मेले तर लोकं तेराव्याचं जेवून जातील," चंद्राबाई म्हणाली. "तुमी भाईर बसा. कापा वो डाक्टर."

नर्सबाईंनी मांजरपाट फाडून मला शिवलं, नाड्या लावल्या. घरी आल्यावर नव्या वाटेभोवतीची कातडी सोलवटली तेव्हा चंद्राबाई दोनदा रडली. मग हात बसला. सकाळी नाचणीची पेज प्यायची, पोट मोकळं होऊ द्यायचं, कोमट पाण्यानं धुवायचं, भोवती खोबरेल, वर जुन्या लुगड्याची घडी आणि घडीवर मी. वाल बाधतात, वाल सोडले. दळण, सरपण, सगळं पूर्वीसारखं.

पण आमच्याकडे भाताची लावणी सावडीनं. आज सगळ्या बायका एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. सावडीतून काढलेल्या बाईचं रोप जागीच पिवळं पडतं. सावडीची म्होरकी सगुणाबाई दारात येऊन म्हणाली, "औंदा तू नगं. वाकून काम आपलं. काय गळलं-बिळलं तर भाताला इटाळ."

भाताला विटाळ! शेणाचा राब जाळून वाढवलेली रोपं ती!

दुसऱ्या दिवशी चंद्राबाई डोक्यावर पावसाचं इरलं घेऊन सगुणाबाईच्याच खाचरात उतरली. बायका दोन हात लांब सरकल्या. दुपारपर्यंत ही सगळ्यांच्या पुढे. जेवताना सगुणाबाईनं हिची भाकरी लांबून टाकली. ती उचलून ही मधोमध जाऊन बसली.

"का गं सगुणे, तुज्या पोटात काय केवडा भरलाय? माझं हितनं निघतं, तुजं तितनं. बास."

एक सून फिस्सकन हसली. मग सगळ्याच. सगुणाबाई तेवढी उठून हात धुवायला गेली.

संध्याकाळी ओढ्यावर पाय धुताना ती जवळ सरकली. "चंद्रा, माज्या भैनीलाबी गाठ सांगितलीया. म्हनती, मरंन, पर पोट कापून घेनार न्हाई. लई दुकतं का गं?"

दुपारी भाकरी फेकायची, संध्याकाळी चंद्रा! चंद्राबाईच्या जागी मी असते तर तोंडावर थुंकले असते.

"दुकतं. मग ऱ्हातं," चंद्राबाई म्हणाली. "उंद्या समद्या माज्या खाचरात या. भैनीला बांधावर आनून बसव. लावता लावता सांगते."

आल्या. मुकाट्यानं आल्या, दिवस मावळायच्या आत लावणी उरकली. मधेच चंद्राबाईनं त्या बहिणीला करवंदीच्या जाळीआड नेऊन मला सोडलं. बहीण बघतच राहिली. शेवटी म्हणाली, "एवढंच व्हय?"

सोमवारी ती पुण्याला निघालीय. आज सगुणाबाई माझं माप घ्यायला आलीय, बहिणीला दुसरी शिवायची म्हणून. मला धरताना बोटांत पदर घेतलाय टवळीनं. घेऊ दे. मी विरलेय, आता चुलीतच जाणार. जाता जाता एवढंच सांगते, सगुणाबाई: नाड्या लांब ठेव. दुखण्यातून उठल्यावर माणूस दोन घास जास्त खातं, पोट सुटतं.