जमुनाआत्याची कूक

अबे दुर्गेश, आधी आयक फक्त. पुण्याचा एक कलाकार आमच्या जमुनाआत्याच्या मागं मागं नागझिऱ्याच्या कडेचं जंगल फिरला. बाया मोहफुलं वेचतात, तिथले आवाज त्यानं महिनाभर भरून नेले. काल गोंदियाच्या हॉलात ते लावले, मी आत्याले घेऊन गेलो. अंधार केला, चहूकडून स्पीकर. म्हणे, डोळे मिटा, जंगल तुम्हीच मनात उभं करा.

पाचोळा करकरला, अन् अस्वल फुसफुसलं. आता मोहाखाली अस्वलाची चाहूल लागली का बाया कूक देतात, म्हंजे लांब हाळी, एकीनं दिली का साऱ्या देतात. इथं कोणीच देईना. आत्या घाबरली, उठून जोरात कूक दिली.

लाइट लागले, लोक हसले. तो म्हणते, "मावशी, माणसांचे आवाज मी मुद्दाम काढलेत. लोकांना निर्मनुष्य जंगल दिसायला हवं."

आत्या म्हणे, "मंग अस्वलाले कोण सांगणार, आम्ही इथं आहो म्हणून?"

त्यानं तिले बाहेर बसवलं. तिच्याच जंगलातून बाहेर, बे! माहं डोस्कं फिरलं. पुन्हा अंधार झाला तसा मी कूक देत रायलो, खेळ बंद पडेपर्यंत. आता सारे मलेच शिव्या देऊन रायले. तू असता तं काय केलं असतं?