दगडाखाली काहीच नव्हतं

बाळ्या सेहेचाळीस वर्षांचा झाला, टक्कल पडलं, तरी ताईसाठी तो बाळ्याच. वीजकेंद्रात त्याला सगळे ‘चुनेवाले’ म्हणत. धुराड्यात जाणाऱ्या धुरावर चुन्याचं पाणी फवारून त्यातलं आम्ल तिथंच मारायचं, हे त्याचं काम. फवारे सारखे तुंबायचे. तुंबले की वीजनिर्मितीचा संच बंद करून ते साफ करायचे असा नियम होता, पण संच बंद ठेवायला साहेब काही राजी होत नसत. मग बाळ्या धूर तसाच सोडायचा आणि नोंदवहीत लिहायचा, ‘फवारे चालू’. आधी तासभर, मग दिवसभर, मग आठवडेच्या आठवडे. धूर वाऱ्याबरोबर डोंगरापलीकडे जाई. आपलं काय जातंय, असं म्हणत तीन वर्षं गेली.

सुट्टीत तो डोंगरापलीकडे ताईकडे गेला. ती तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि दर वर्षी पोरांना ओढ्यावर नेऊन दगड उलटायला लावायची. दगडांच्या पोटाशी चपटे, शेपटीला तीन केस असलेले किडे चिकटलेले असत. पंख फुटले की ते जेमतेम दिवसभर जगत. बाळ्या सहा वर्षांचा असताना त्यालाही ते तिनंच दाखवले होते.

“हल्ली मला एकही दिसत नाही. तू बघ जरा,” ती म्हणाली.

पॅन्ट दुमडून तो ओढ्यात उतरला. पाणी काचेसारखं नितळ होतं. त्यानं तीस-चाळीस दगड उलटले. सगळे कोरे.

“माझीच चूक रे,” काठावर बसलेली ताई म्हणाली. “इतकी वर्षं पोरं आणली. तुडवून तुडवून मीच संपवले. यंदा सहल बंद केली.”

बाळ्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “तुझ्याकडे तो रंग बदलणारा कागद आहे का?” त्यानं विचारलं.

पिशवीतून तिनं पट्टी काढली, पाण्यात बुडवली. पट्टी लालसर झाली.

“अगबाई! एवढं आंबट? पावसातनं येतं की काय? पण पावसात तरी कुठून आलं?”

‘कुणास ठाऊक’ हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते.

“माझ्याकडून,” तो म्हणाला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

ताई रागावली नाही. तिनं ओले हात पुसले. “वर्गात मी तुझं कौतुक सांगते,” ती म्हणाली. “माझा भाऊ धूर धुतो म्हणून.”

त्यापेक्षा तिनं कानफटात मारली असती तर बरं झालं असतं.

परतल्यावर त्यानं नोंदवहीत लिहिलं, ‘फवारे बंद. याआधीच्या नोंदीही खोट्या.’ खाली सही केली. संच नऊ दिवस बंद राहिला, फवारे नवे आले आणि बाळ्याची बदली गोदामात झाली.

“किडे परत येतील का?” ताईनं फोनवर विचारलं.

“मातीत मुरलेलं आम्ल उतरायला वर्षं लागतात म्हणे. किती, ते माहीत नाही.”

“मग सहल नेते मी. पोरांना तूच सांग.”

तो गेला. तीस पोरांसमोर उभं राहून, चाचरत, काही न लपवता त्यानं सांगितलं. पुढं बसलेल्या एका मुलीनं हात वर केला.

“काका, धूर सोडताना तुम्हाला हे माहीत होतं?”

त्यानं ताईकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती.

“होतं,” तो म्हणाला.