सुएरोला हाक

डोंगरातल्या आकितानिया गावात कुत्र्यालासुद्धा अहो-जाहो करतात, असं लग्नाआधी कोणी सांगितलं असतं तर नुरिसला ती थट्टाच वाटली असती. पण खरंच करतात. तिच्या सासूबाई, कुस्तोदियाबाई, रोज सकाळी चुलीवर चॉकलेट घुसळता घुसळता पायात घोटाळणाऱ्या पिल्लाला म्हणायच्या, "सुएरो, बाजूला व्हा हो. भाजेल तुम्हाला." पिल्लू ढिम्म. मग त्या आणखी अदबीने विचारायच्या, "ऐकू येत नाही का?"

नुरिस समुद्राकाठची, सिएनागाची. तिकडची माणसं सगळ्यांना अरे-तुरे करतात. आईला करतात, बापाला करतात, फादरची पाठ वळली की फादरलाही करतात. 'तुम्ही' म्हणतात ते रागावल्यावर. नुरिसचा बाप एकदा नाचाला म्हणून गेला तो तिसऱ्या दिवशी उगवला, तेव्हा आईने त्याला आठवडाभर 'तुम्ही'वर ठेवलं होतं. "तुम्ही जेवणार का? तुमचा शर्ट तिकडे आहे." शेवटी बापाने पाय धरले, तेव्हा कुठे ती 'तू'वर आली. अशा घरात वाढलेली ही पोरगी लग्न करून डोंगरात आली. तळ्याकाठचं गाव, भर दुपारी स्वेटर लागतो, आणि जिकडे पाहावं तिकडे पातीच्या कांद्याचे वाफे. पहिल्याच सकाळी नवरा, एलियेसर, गोड हसून म्हणतो काय, "आपण नीट झोपलात ना?"

आपण! लग्नाला एक दिवस नाही झाला, आणि एवढं काय चुकलं माझं?

वर्ष उलटलं तरी तो प्रश्न काही पुरता सुटला नव्हता. इथली रीत तशी आहे, राग असो वा नसो, सदासर्वदा 'तुम्ही' नाहीतर 'आपण'च असतं, हे डोक्याला कळत होतं. पण कानांना कोण समजावणार? सुरुवातीला ती नवऱ्याला 'तू' म्हणायची. पण तेव्हा सासूबाई अशा दचकायच्या, की हळूहळू तिने तेही सोडलं. मग एलियेसरने हे पिल्लू आणलं. पांढरं शुभ्र, तिच्या गावाकडच्या घट्ट आंबट सायीसारखं, म्हणून त्याच सायीचं नाव ठेवलं, सुएरो. अख्ख्या घरात हक्काने 'तू' म्हणावं असं तिला एवढं एकच जण मिळालं. ती त्याच्याशी दिवसभर बडबडायची.

आता चार महिन्यांचं पिल्लू आणि शेजारी बेलार्मिनोकाकांच्या वाफ्यात ताजं कोंबडखत. आणखी काय हवं त्याला? एका सकाळी काका दारात उभे राहिले. हॅट काढून छातीशी धरलेली, दुसऱ्या हातात चिखलाने माखलेली कांद्याची रोपं.

"त्रास देतो, माफ करा हं नुरिसबाई. हे थोडे कांदे. तुमच्या सुएरोंनी काढलेत आज. फार मेहनत घेतली त्यांनी."

"अगं बाई! किती छान कांदे!" म्हणत नुरिसने रोपं घेतली, काकांना कॉफी पाजली आणि ती रोपं चिरून अंड्याच्या सारात घातली.

दुसऱ्या दिवशी काका परत आले. "आज सुएरोंनी जरा जास्तच काढलेत." नुरिसने मक्याची गरम भाकरी, आरेपा, बांधून दिली. तिसऱ्या दिवशी सासूबाई घरी होत्या. काका गेल्यावर त्या कपाळाला हात लावून खालीच बसल्या.

"नुरिस, ते शिव्या देऊन गेले तुम्हाला."

"कधी?"

"आत्ता! तीन दिवस देताहेत."

नुरिस हातातल्या रोपांकडे बघत राहिली. या डोंगरात शिवी कुठली आणि भेट कुठली, हे ओळखायचं तरी कसं?

सासूबाई स्वतः जाऊन माफी मागून आल्या, पण येताना निकाल घेऊन आल्या. तीन आठवड्यांनी, शनिवारी, काका तो वाफा पुन्हा लावणार होते. त्या दिवशी पिल्लाला मोकळं सोडायचं. वाफ्यात शिरलं आणि हाकेसरशी मागे आलं, तर राहील. नाही आलं, तर सासूबाईंच्या भावाकडे, वर पठारावर.

"आणि घरच्या कुणीही हाक मारली तरी यायला हवं," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही चोवीस तास सुएरोंच्या मागे थोड्याच असणार?"

तो भाऊ मेंढ्या पाळायचा. त्याची कुत्री खांबाला बांधलेली असायची, हातभर साखळीने. खांबाभोवती गवत झिजून गोल झालेलं नुरिसने स्वतः पाहिलं होतं. सुएरोला तिथे कल्पून तिला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर त्यातलं अर्धं रडू स्वतःसाठीच होतं. सुएरो गेला तर या घरात मी बोलू कुणाशी?

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. कुत्रं शिकवायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. तिकडे समुद्रावर कुत्री गल्लीत शिकतात. पण माणूस अडला की शिकतो. तळलेल्या ट्राउट माशाची साल खिशात भरायची, चार पावलं मागे जायचं, खाली बसायचं, "ये!" पिल्लू आलं की साल तोंडात. सकाळी दहादा, संध्याकाळी दहादा. कधी यायचं, कधी स्वतःच्या शेपटीमागे लागायचं. एकदा तर खिशातलीच साल घेऊन पसार झालं. नुरिस चिडली नाही. पाचव्या दिवशी ते मागच्या कुंपणापासून धावत आलं, तेव्हा तिने ओरडून नवऱ्याला बोलावलं.

"मार हाक! म्हणजे, मारा."

एलियेसरने छाती फुगवली. "या, सुएरो, या!"

सुएरोने त्याच्याकडे पाहिलं, मोठ्ठी जांभई दिली आणि दुसरीकडे बघू लागला.

नुरिसला काही उमजेना. माझ्याकडे येतो, यांच्याकडे का येत नाही? आवाज जाड म्हणून? ती दिवसभर कान देऊन घर ऐकत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं. या लोकांच्या तोंडात सारखं 'या' असतं! "या, सांगतो तुम्हाला." "या, हे बघा काय झालं." "या, बसा, चॉकलेट घ्या." जेवायच्या वेळेपर्यंत तिने चाळीसवर मोजले. त्यातल्या एकाही 'या'ला कुणी आलं नव्हतं, आणि कुणी यावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. बिचारं पिल्लू पहिल्या आठवड्यात प्रत्येक 'या'ला धावलं असेल, आणि मग कंटाळून सोडून दिलं असेल.

तिने हे सांगितलं तेव्हा एलियेसरने मान डोलावली, डोकं खाजवलं. "असं करू. 'या' म्हणणारे आई, मी, वर शेजारपाजार सगळा, आणि 'ये' म्हणणाऱ्या आपण एकट्या. तेव्हा आपणच 'या' म्हणायला शिका. आपण साल दिलीत की त्या 'या'ला किंमत येईल. सुएरोंच्या डोक्यात एकच शब्द राहील."

ऐकायला पटण्यासारखं होतं. नुरिस अंगणात गेली, खाली बसली आणि म्हणाली, "सुएरो, या."

पिल्लाचे कान मागे गेले. पोट जमिनीला टेकलं. आणि तिथल्या तिथे त्याने शू केली.

आजारी आहे की काय, म्हणून तिने पोट दाबून पाहिलं, नाक पाहिलं. ठणठणीत! पुन्हा म्हणाली, "या." पिल्लू पलंगाखाली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तर ती नुसती खाली बसली तरी ते लांब पळायला लागलं, साल दाखवली तरी येईना. आठवडा पाण्यात गेला. शब्द बरोबर, साल तीच, हात तोच, मग बिघडतंय कुठे? तिला वेड लागायची पाळी आली.

एका दुपारी सासू-सून दोघी कांदे सोलायला बसल्या होत्या. बाहेरची पिवळी पात ओढून काढायची, मुळं छाटायची, जुडी बांधायची. सासूबाईंचा हात यंत्रासारखा चालत होता.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही त्या पिल्लावर एवढ्या का चिडता?"

"मी? चिडते? सासूबाई, मी तर तुमच्यासारखंच म्हणते. 'या' म्हणते."

"मी 'या' म्हणते. तुम्ही 'या!' म्हणता. काल माझ्याच छातीत धस्स झालं. वाटलं, आता काठी येतेय."

"हो? मी कशी म्हणते? 'या'."

"बघा! आत्तासुद्धा."

नुरिसने सुरी खाली ठेवली. डोळ्यांतलं पाणी कांद्यावर ढकलायची आयती सोय होती, पण तिने ढकललं नाही.

"मला 'तुम्ही' फक्त रागातच बोलता येतं, सासूबाई. आमच्याकडे ते रागाचंच असतं. आणि इथे तुम्ही सगळे माझ्याशी वर्षभर तेच बोलताय. एलियेसर तर 'आपण' म्हणतात! मी रोज सकाळी उठते आणि पहिला विचार हाच येतो, काल काय चुकलं माझं?"

सासूबाईंच्या हातातली जुडी सुटली.

"अहो, पण मी माझ्या पोटच्या पोरांना असंच बोलले," त्या म्हणाल्या. "पाळण्यात होती तेव्हापासून. 'झोपा आता, राजे हो.' एलियेसर तर तुमच्यावर जीव टाकतात, म्हणून 'आपण'! 'तू' कसं म्हणायचं माणसाला? 'तू' मी फक्त देवाला म्हणते. देवाला आणि मरियामातेला."

"देवाला 'तू' आणि कुत्र्याला 'तुम्ही'?"

"मग! देवाला आपलं सगळंच माहीत असतं, त्याच्यापुढे कसली रीत सांभाळायची? माणसाशी सांभाळावी लागते. माणूस दुखावतो." एवढं बोलून त्या थांबल्या आणि गोंधळून म्हणाल्या, "आणि एवढं सांभाळूनही दुखावला, तर काय करायचं बाई?"

त्या दुपारी एवढं ठरलं, की पिल्लाला हाक 'ये'चीच. घरात 'ये' हा शब्द दुसऱ्या कशालाच वापरला जात नव्हता, त्यामुळे तो कोरा होता. दिवस उरले होते नऊ.

नुरिसने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिले दोन दिवस नुसती अंगणात बसून साल लांब फेकायची, बोलायचीच नाही. तिसऱ्या दिवशी पिल्लू मांडीशी आलं, तेव्हा हळूच म्हणाली, "ये." एलियेसरला दोन दिवस हसूच आवरेना, मग तोही शिकला. पंचाईत सासूबाईंची. त्या ओठ हलवायच्या, कुजबुजायच्या आणि लगेच छातीवर क्रूस करायच्या.

"सासूबाई, जरा मोठ्याने!"

"देव काही बहिरा नाही."

"अहो, पण सुएरो वाफ्यात असणार आहे!"

शनिवार उजाडला. बेलार्मिनोकाकांनी सऱ्या ओढल्या, खत टाकलं, रोपं लावली, आणि हॅट हातात घेऊन बांधावर उभे राहिले. पिल्लाला सोडलं. ते थेट खतात गेलं आणि दोन्ही पंजांनी उकरू लागलं. एलियेसरने हाक मारायला तोंड उघडलं, तसा काकांनी हात वर केला.

"माफ करा, एलियेसर. कृपा करून कुस्तोदियाबाईंनी मारावी हाक. घरच्या मोठ्या त्याच आहेत."

नेमक्या सासूबाई!

सासूबाई एक पाऊल पुढे झाल्या, घसा खाकरला. "या, सुएरो."

जन्माची सवय! पिल्लाने मानही वर केली नाही.

"या हो. ऐकताय ना तुम्ही?"

खत उडत होतं. एक रोप उडालं, दुसरं उडालं. काकांनी मोठा सुस्कारा सोडला आणि पठाराच्या रस्त्याकडे नजर टाकली. नुरिसला ओरडून सांगायचं होतं, पण तिने मध्ये तोंड घातलं असतं तर हाक सासूबाईंची राहिली नसती.

सासूबाईंनी डोक्यावरची हॅट काढली. डोळे मिटले. त्यांचा आवाज बदलला. रविवारी चर्चमध्ये शेजारी गुडघे टेकल्यावर नुरिसला जो आवाज पुटपुटल्यासारखा ऐकू यायचा, तोच आवाज, पण आज चांगला मोकळा, खणखणीत.

"सुएरो, ये. ये रे बाळा. तुझ्याशिवाय मला कोण आहे? माझं ऐक, ये."

पिल्लाची मान वर झाली. एक कान उभा राहिला. क्षणभर ते खताकडे बघत होतं, क्षणभर सासूबाईंकडे, आणि मग सुटलं ते असं, की चारही पाय एकदम हवेत. नुरिसने सालीचा हात पुढे केला होता. ते तिच्या हाताखालून निघून गेलं, आणि खताने बरबटलेलं सासूबाईंच्या बुटांवर जाऊन बसलं.

तो राहिला! नुरिसला उड्या मारायच्या होत्या. आणि तो आपल्याला ओलांडून गेला याचं आत कुठेतरी दुखलंही. दोन्ही एकदमच झालं, आणि काय करावं ते न कळून ती पसरलेला हात तसाच धरून उभी राहिली.

"आता काय म्हणायचं असतं?" सासूबाईंनी एक डोळा उघडून विचारलं.

"शाबास म्हणायचं."

"शाबास," सासूबाई त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या. "शाबास रे तुझी." आणि लाजून लालबुंद झाल्या. "फादरना सांगावं लागणार हे."

बेलार्मिनोकाकांनी हॅट डोक्यावर घातली. "छान येतात हं ते," एवढंच म्हणाले आणि उडालेली रोपं गोळा करायला वाकले. एलियेसर त्यांच्या मदतीला गेला.

नुरिस रडत होती. सरीच्या पलीकडे, एकटी, सालीचा तुकडा मुठीत आवळून.

"अहो, रडता कशाला? राहिला ना तो?" सासूबाईंनी हाक मारली. "या. इकडे या तुम्ही."

नुरिस गेली. ओल्या मातीतून, सरळ. सासूबाईंनी अंगावरच्या लोकरीच्या रुआनाचं एक टोक उचललं, तिला आत ओढलं आणि तिच्या पाठीवर हात चोळत राहिल्या.

"किती गार पडलात तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि त्या 'तुम्ही'त राग आहे का, हे बघायचं नुरिसला त्या दिवशी सुचलंच नाही.